प्रिन्स्टनला चार दिवस आधी का जावे?

प्रश्न : मुलीच्या पदवीदानासाठी आम्ही उभयता मे महिन्यात अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जाणार आहोत. समारंभ मंगळवारी असूनही ती शुक्रवारीच या म्हणते. एवढी घाई कशासाठी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शनिवारच्या ‘पी-रेड’साठी. या मिरवणुकीत नारिंगी-काळ्या पोशाखांतले माजी विद्यार्थी वर्षवार चालतात. पदवीला पंचवीस वर्षे झालेला वर्ग अग्रभागी, त्यामागे सर्वांत वयोवृद्ध, आणि यंदाचे पदवीधर अगदी शेवटी, त्यामुळे लेक दिसेपर्यंत पायांचे तुकडे पडतील. पाणी व टोपी जवळ ठेवावी. रविवारी चॅपेलमध्ये सर्वधर्मीय प्रार्थनासभा आणि सोमवारी ‘क्लास डे’, म्हणजे पदवीधर वर्गाचा स्वतःचा सोहळा, असतो.

मंगळवारी एक भाषण लॅटिनमध्ये होते. कोठे हसावे, कोठे टाळ्या वाजवाव्यात, याच्या खुणा केलेली प्रत केवळ पदवीधरांना मिळते. आपण गोंधळून जाऊ नये, त्यांच्यामागोमाग टाळ्या वाजवाव्यात.

विद्यापीठाचा मुख्य ‘फिट्झरँडॉल्फ’ दरवाजा 1970पासून कायमचा उघडा असला, तरी पदवीपूर्वी त्यातून बाहेर पडल्यास पदवी मिळत नाही, असा विद्यार्थ्यांचा समज आहे. कॅमेरा तेथे तयार ठेवावा.