विंडोज ११ न चालणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्सची सगळ्यात नवी आवृत्तीच टाकावी का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१७ चा आहे, सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुमचा प्रोसेसर मान्य करत नाही. म्हणून लिनक्स, ही विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टिम, आणि टाकायचंच तर ‘सगळ्यात ताजं’ टाकू का, असा तुमचा प्रश्न.

नका टाकू. निदान ज्या मशिनवर रोजचं काम चालतं त्यावर तरी नका. आणि हे सांगणारा मी स्वतः नवी आवृत्ती आली की त्याच रात्री उतरवून घेणाऱ्यांपैकी आहे. घरी एक जुना लॅपटॉप खास या उद्योगासाठीच ठेवलाय. बायको त्याला ‘गिनीपिग’ म्हणते.

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात, म्हणजे ॲडमिशनच्या ऐन गर्दीत, दुकानातल्या मशिनवरच्या लिनक्सची आवृत्ती मी हौसेनं बदलली. रात्री सगळं झकास दिसत होतं. सकाळी पहिल्या मुलाचा फॉर्म छापायला गेलो तर प्रिंटर ढिम्म. त्या प्रिंटरला कंपनीचाच ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, लागायचा आणि तो नव्या आवृत्तीसाठी अजून निघालाच नव्हता. दोन दिवस शेजारच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या, वर त्याचे टोमणे ऐकले ते वेगळेच. चूक लिनक्सची नव्हती. मी नवा वॉलपेपर बघितला, प्रिंटर बघितला नाही.

घाई मोठमोठ्यांनाही भोवते. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या उबुंटू १७.१० मध्ये इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बदलच सेव्ह होईनात. डिसेंबरात ती आवृत्ती डाउनलोडवरून काढावी लागली आणि दुरुस्त प्रत जानेवारी २०१८ मध्ये आली. अलीकडचं उदाहरण उबुंटू २५.१० चं. पहिल्या दिवसांत त्यात फ्लॅटपॅक या पद्धतीनं मिळणारी ॲप्स इन्स्टॉल होत नव्हती, आणि नव्यानं लिहिलेल्या ‘डेट’ या छोट्याशा कमांडमधल्या चुकीमुळे काही मशिन्सवर आपोआप अपडेट तपासणंच बंद पडलं होतं. दोन्ही दोष लवकर दुरुस्त झाले, पण ते सापडले कुणाला? पहिल्या आठवड्यात टाकणाऱ्यांनाच.

शिवाय मुदतीचा हिशेब करा. उबुंटूची साधी, सहामाही आवृत्ती फक्त ९ महिने सांभाळली जाते. फेडोरा या दुसऱ्या प्रकाराची साधारण १३ महिने. म्हणजे आज ‘सगळ्यात ताजं’ घेतलं की वर्षभरात पुन्हा बदल आलाच. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, मात्र पाच वर्षं चालते. आणि गंमत बघा, जुन्या एलटीएसवर असणाऱ्याला नव्या एलटीएसची सूचना पहिल्या दिवशी येतच नाही. ‘पॉइंट वन’ ही पहिली दुरुस्त प्रत निघाल्यावर, म्हणजे तीनचार महिन्यांनी येते. बनवणारेच थांबा म्हणतात, मग आपण कशाला धावायचं?

तुमच्या मशिनला मी लिनक्स मिंटची २२ ची मालिका सुचवेन, ‘सिनॅमन’ नावाच्या डेस्कटॉपची, म्हणजे स्क्रीनवरच्या रूपाची. ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि विंडोजच्या सवयीच्या हाताला स्टार्ट मेनू जिथल्या तिथे सापडतो. ८ जीबीला आरामात चालते. डेबियन १३ हाही उत्तम पर्याय आहे, ऑगस्ट २०२५ चा, पण पहिल्यांदाच येणाऱ्याला मिंट जास्त मायेनं वागवतं.

आता खरं काम. इन्स्टॉलच्या आधी निदान एक संध्याकाळ पेनड्राइव्हवरून चालवून बघा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर व्हेंटॉय हे पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर टाका. मग आयएसओ, म्हणजे लिनक्सची इन्स्टॉल करायची फाइल, नुसती कॉपी करायची, एकाच वेळी मिंट, डेबियन, फेडोरा तिन्ही ठेवता येतात. आयएसओ अधिकृत साइटवरूनच घ्या आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइलमध्ये फेरफार नाही हे सांगणारा आकडा, जुळवा. हा सोवळेपणा वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच साइट हॅक करून लोकांना चोरून आत शिरायला मागचं दार ठेवलेली आयएसओ दिली गेली होती.

पेनड्राइव्हवरून लिनक्स (यालाच लाइव्ह म्हणतात) चालू झालं की मेनू आणि थीम बघत बसू नका. वायफाय लागतं का? तेही राउटरच्या खोलीत नव्हे, तुम्ही जिथे बसता तिथे. ब्रॉडकॉमची चिप असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, तेवढ्यापुरतं मोबाइल यूएसबीनं जोडून इंटरनेट द्या. लॅपटॉपचं झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा. जागा होतो का? जागा झाल्यावर वायफाय आणि आवाज परत येतो का? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लॅपटॉप इथेच नापास होतात, आणि हे कुणी तपासतच नाही. ब्लूटूथचा इयरफोन जोडा, व्हिडिओ कॉल लावून समोरच्याला स्क्रीन दाखवा, प्रोजेक्टर किंवा टीव्हीची एचडीएमआय लावा, प्रिंटरवर एक पान काढा आणि एक स्कॅनही करा. छापतो पण स्कॅन करत नाही असे प्रिंटर मी पाहिलेत. एवढं जमलं तर तुमचं नव्वद टक्के टेन्शन गेलं. फक्त एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असेल तर त्याची खरी परीक्षा इन्स्टॉलनंतर ड्रायव्हर टाकल्यावरच होते, लाइव्हवर नाही.

इन्स्टॉलबद्दल थोडक्यात. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, क्लाउडवर आहेत म्हणून सोडू नका. विंडोज ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, काही लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर आहे का बघा. ते एएचसीआय या मोडवर न्यावं लागतं, पण ते आंधळेपणानं केलं तर विंडोज सुरू होणं थांबतं, तेव्हा त्याची रीत आधी वाचून घ्या. आणि दोन्ही ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे गेलेलं दिसलं तर घाबरू नका, बॅटरी गेलेली नाही. लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्सला एका कमांडनं स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर सगळे अपडेट घ्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा आणि टाइमशिफ्ट लावा. टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टिमचे फोटो काढून ठेवणं. काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र तो नव्हे, हे लक्षात असू द्या.

मग मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीचे दोन पर्याय दिसतील, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट) आणि कगप. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. त्यांनी आखलेला फोनेटिक लेआउट आपल्यालाही मिळालाय, आणि इंग्रजी टायपिंगची सवय असेल तर बरा पडतो. इंग्रजी अक्षरांतून शब्दच्या शब्द लिहायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन हे जोड-पॅकेज टाका. कुठलाही निवडलात तरी ‘दुसऱ्या तऱ्हेचं ॲप, ऑफिस, ज्ञान’ एवढं लिहून बघा. ऱ आणि ॲ कुठे आहेत हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं, अर्ज टाइप करताना नको.

लिब्रेऑफिसमध्ये एक फसगत हमखास होते. तुम्ही फाँट बदलता आणि मराठी मजकूर जसाच्या तसा. त्यात देवनागरीचा फाँट इंग्रजीपेक्षा वेगळा धरला जातो, कॉम्प्लेक्स टेक्स्ट या नावाखाली. भाषांच्या सेटिंगमध्ये ते चालू करून तिथे मराठी निवडा. भाषा मराठी केली की काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. तो मजकूर मुळात इंग्रजी कळांच्या खुणांचा असतो, त्यामुळे नुसता फाँट बदलून वाचता येणार नाही.

एक राहिलं. हिशेबाचं टॅली विंडोजचंच आहे, आणि सरकारी कामाला लागणारे बरेचसे डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर रडवतात. यातलं काही तुमच्या कामात असेल तर विंडोज पूर्ण पुसू नका, ६०-७० जीबी त्याला राहू द्या आणि तेवढ्या कामापुरतंच उघडा. प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. कमेंटमध्ये टाका, चालतो का ते सांगतो.