तपासणीची तारीख ती का चुकवते?

प्रश्न : माझी लेक लष्करी परिचारिका सेवेत अधिकारी आहे. सीमेजवळच्या रुग्णालयात असताना स्फोटात होरपळलेल्या जवानांची शुश्रूषा तिने अनेक महिने केली. आता तिला गरोदरपणाचा बाविसावा आठवडा सुरू असून ती रजेवर आमच्याकडे नाशिकरोडला आली आहे. देवळालीकडून तोफांच्या सरावाचा आवाज आला की ती हातातले काम टाकून भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि रात्री घामाने भिजून उठते. तपासणीच्या दोन तारखा तिने चुकवल्या. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले, तर दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर दिसताच ती रिक्षातून उतरलीच नाही. सासरची माणसे तिला निष्काळजी म्हणतात. औषधांनी बाळाला अपाय होईल आणि फाइलमध्ये नोंद झाली तर नोकरीवर परिणाम होईल, अशी तिला धास्ती आहे. आम्ही काय करावे?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, तुमची मुलगी निष्काळजी नाही, हे सासरच्यांना आधी सांगा. निदान मनोविकारतज्ज्ञच करतील; परंतु दचकणे, दुःस्वप्ने आणि आघाताची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे ही लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली, तर आघातोत्तर तणावविकाराची (पीटीएसडी), म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणाऱ्या विकाराची, शंका घ्यावीच लागते. टाळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे आणि तिच्या बाबतीत टाळण्याची जागा नेमकी रुग्णालय आहे. स्पिरिटचा वास, स्ट्रेचरची चाके, टेबलावर उताणे पडून राहणे, यांपैकी कशानेही ती पुन्हा त्या वॉर्डात जाऊन पोहोचत असेल. परिचारिका असल्यामुळे तिला हे सोपे जायला हवे, हा समज मला फार अन्यायाचा वाटतो.

म्हणून तिला रागावण्यापेक्षा तपासणीची पद्धत बदलून घ्या. डॉक्टरांना आधी फोन करून सारे सांगा, सकाळची पहिली वेळ मागा आणि अपघात विभागासमोरून जावे लागणार नाही असे दार विचारून ठेवा. तपासताना तुम्ही तिच्या उशाशी असावे, प्रत्येक स्पर्शाआधी डॉक्टरांनी सांगावे आणि तिने हात वर करताच थांबावे, एवढे ठरवून घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत करतात. ती राहिली असेल तर या आठवड्यातच करून घ्या. 24 ते 28 आठवड्यांतली साखरेची तपासणीही चुकवू नये.

उपचाराची घाई मी का करते, तेही सांगते. अमेरिकेत माजी महिला सैनिकांच्या 16 हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीपूर्वीच्या वर्षात हा विकार सक्रिय असलेल्या स्त्रियांमध्ये आपोआप अकाली प्रसूती होण्याची शक्यता सुमारे 35 टक्क्यांनी अधिक आढळली; ज्यांचा विकार पूर्वी होता पण त्या वर्षी सक्रिय नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. तिला घाबरवण्यासाठी हा आकडा वापरू नका, त्यातला दुसरा भाग तिला वाचून दाखवा.

आघातावर केंद्रित समुपदेशन गरोदरपणात घेता येते आणि अनेकींना तेवढे पुरते. औषध लागलेच तर सर्ट्रालिनसारखी नैराश्य-चिंतेवरची औषधे लाभ-हानीचा विचार करून देतात. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिट्स व मनोविकारांवरचे औषध मात्र बाळाला अपाय करू शकते, म्हणून गरोदरपणात टाळतात. आधीपासून एखादी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये.

नोंदीची भीती निराधार नाही. लष्कराच्या वैद्यकीय वर्गवारीत मानसिक स्वास्थ्याचा स्वतंत्र निकष आहे. पण ही वर्गवारी तात्पुरतीही असते आणि तिचा फेरआढावा होतो. पहिले पाऊल म्हणून 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर तिला मराठीत बोलता येईल. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे.

तोफांचा आवाज आला की तिला मागून धरू नका. समोर उभ्या राहा, नावाने हाक मारा, आज कोणता वार आहे आणि आपण नाशिकरोडच्या घरात आहोत हे शांतपणे सांगा, थंड पाण्याचा पेला तिच्या हातात द्या. मात्र रक्तस्राव, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणे किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा, यांपैकी काहीही झाले तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा, आणि आत जाईपर्यंत तिचा हात सोडू नका.