डब्यावरची तेलं आणि बाळाची हाडं

बाळाच्या फॉर्म्युल्याचा (पावडरच्या दुधाचा) डबा घेताना आधी मागची घटकांची यादी वाचा, पुढची जाहिरात नंतर. बघायचं ते पाम ओलीन, म्हणजे पाम तेलाचा पातळ भाग. आईच्या दुधातल्या स्निग्धाम्लांत 20 ते 25 टक्के पामिटिक आम्ल असतं, पण ते बहुतांशी चरबीच्या रेणूत मधल्या जागी जोडलेलं असतं. पाम ओलीनमध्ये ते मुख्यतः कडेला असतं. पचताना कडेचं आम्ल सुटतं, आतड्यात कॅल्शियमला धरतं आणि त्याचा अक्षरशः साबण बनतो. तो शोषला जात नाही, शीवाटे जातो. शी घट्ट होते ती त्यामुळेच. पाम ओलीनचा फॉर्म्युला पिणाऱ्या बाळांच्या हाडांत पहिल्या सहा महिन्यांत खनिजं थोडी कमी भरलेली आढळली आहेत. हाडं ठिसूळ होतात असा याचा अर्थ अजिबात नाही, तेव्हा घाबरू नका.

पाम ओलीन नसलेला किंवा 'एसएन-2 पामिटेट' (मधल्या जागी जोडलेलं पामिटिक आम्ल) असलेला डबा चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बाळाचं वजन छान वाढतंय, शी मऊ आहे? मग चालू डबा उगाच बदलू नका. शी घट्ट झाली म्हणून दुधात जास्तीचं पाणी तर कधीच घालू नका. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले असतील तर तेही चुकवू नका, कॅल्शियम शोषायला ते लागतंच.