काउंटरवरचं ओझं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत सिंगल विंडोला बसते. समोरच्याचं दुःख मला लगेच लागतं. पेन्शनवाले आजी-आजोबा टोकन कुठलंही असो, माझ्याच खिडकीशी येऊन सुखदुःख सांगतात. सहकारी ‘तू बघतेस ना गं एवढं’ म्हणत त्यांच्या केवायसीच्या फायली माझ्या टेबलावर ठेवून जातात. कुणी आवाज चढवला की माझे हात थरथरतात. घरी आल्यावर मुलीशी बोलायचंही त्राण उरत नाही. साहेब म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. ते कसं करायचं असतं?

उत्तर : मलाही बँकेतल्या ३३ वर्षांत अनेकांनी हेच सांगितलं, पण कसं ते एकानंही सांगितलं नाही. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

तू लिहितेस ते नाटक नव्हे आणि आजारही नव्हे. एलेन एरॉन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे पती आर्थर एरॉन यांनी १९९७ साली या स्वभावावर शोधनिबंध लिहिला. आवाज, उजेड, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बदल हे काही जणांच्या आत जास्त खोल जातं आणि मन त्यावर बराच वेळ काम करत राहतं. शंभरात पंधरा ते वीस माणसं अशी असावीत, असा त्यांचा अंदाज. म्हणून तर दुपारी दोनला शेजारच्या खिडकीतली मंडळी ताजी दिसतात आणि तू दमून गेलेली असतेस.

माझं सांगते. नोव्हेंबर होता, पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्यांची झुंबड. एक आजोबा दरवर्षी पत्नीला घेऊन यायचे, त्या वर्षी एकटेच आले. सही केली, पेनाला नीट टोपण लावून मला परत दिलं आणि म्हणाले, “बाई, हिचा दाखला आता लागणार नाही ना?” मी काय बोलले ते आठवत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला नोटा मोजून दिल्या, त्याच्या पुढच्यालाही दिल्या. संध्याकाळी कॅश जुळेना. पाच हजार शॉर्ट. हेड कॅशियरनं तीनदा मोजलं, व्हाउचरं उलटीपालटी केली, साडेआठ वाजले. शेवटी ते पैसे मी माझ्या पर्समधून भरले.

मी हळवी होते म्हणून ते पैसे गेले, असं मला आजही वाटत नाही. आजोबा गेल्यावर मी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुणी असं काही बोलून गेलं की ड्रॉवर बंद, कुलूप, उठायचं, माठापर्यंत जायचं आणि अर्धा ग्लास पाणी प्यायचं. रांग कुरकुरते. कुरकुरू दे. शिवाय ज्यांना बोलायचं असे त्यांना मी सांगायचे, “काका, आत्ता गर्दी आहे. साडेतीनपर्यंत थांबता? बाकावर बसून बोलू.” दहातले दोघं थांबायचे. त्या दोघांशी मी मनापासून बोलले, कारण तेव्हा हातात नोटा नसायच्या. ते आजोबाही पुढच्या वर्षी थांबले आणि वीस मिनिटं आजींच्या बागेतल्या अबोलीबद्दल सांगत राहिले.

आता फायली. इथं जरा कडक बोलते. ‘बघतेस ना गं’ म्हणणाऱ्याला तुझा स्वभाव पुरता ठाऊक आहे. आपण नाही म्हणताना कारणं देत बसतो. मुलीला बरं नाही, सासूबाई यायच्यात. समोरचा प्रत्येक कारणावर तोड काढतो. कारण देऊच नकोस. “आज माझ्याच सतरा आहेत, तुझी घेता येणार नाही,” एवढं पुरे. तरी ठेवून गेलाच, तर न उघडता त्याच दिवशी त्याच्या टेबलावर परत ठेव. रात्रभर तुझ्याकडे राहिलेली फाइल सकाळी तुझीच होते. पहिल्यांदा धडधडेल. मला तर घाम फुटला होता. तिसऱ्या खेपेला माझ्या सहकाऱ्यानं दुसरं टेबल शोधलं.

साहेबांकडे जाताना ‘मला सहन होत नाही’ म्हणू नकोस. नेमकं माग : नोव्हेंबरात पेन्शनची खिडकी आळीपाळीनं, आणि रोज दोन ते सव्वादोन काउंटर बंद. ऐंशी पार केलेल्या केंद्र सरकारी पेन्शनरांचा दाखला १ ऑक्टोबरपासून घेता येतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही होतो. तशी पाटी सप्टेंबरातच दारावर लावा. गर्दी विभागली जाईल.

मुलीला सांग, “आई पंधरा मिनिटं गप्प बसणार, मग पूर्ण तुझी.” आणि सोळाव्या मिनिटाला तिच्याजवळ जा. ते चुकवू नकोस, नाहीतर तिचा विश्वास बसणार नाही.

हातांचं थरथरणं घरीही चालू राहिलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर मात्र अंगावर काढू नकोस. मनाच्या आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

पहिली फाइल परत ठेवलीस की मला लिही. तो काय म्हणाला, तेही लिही.