डेब फाइल टर्मिनलवरून टाकताना डिपेन्डन्सी एरर येतोय, फोर्स मारू का?

नका मारू. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, आधी हे. तुम्ही लिहिलंय की उबुंटू लिनक्सवर डाउनलोड केलेली डेब फाइल (म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज) डीपीकेजी या कमांडने टाकताना डिपेन्डन्सीचा, म्हणजे त्याला लागणारी दुसरी पॅकेजं नसल्याचा, एरर येतोय आणि ऑफिसातलं कुणीतरी म्हणतंय 'फोर्स ऑल लाव, होतंय', म्हणजे एररकडे दुर्लक्ष करून टाक. अगदी हेच वाक्य मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं. डीपीकेजी तुम्ही दिलेली फाइल उघडून जागच्या जागी ठेवतं, तिला लागणारी बाकीची पॅकेजं आणत नाही, ते काम ॲप्ट या दुसऱ्या कमांडचं. फाइल आहे त्या फोल्डरमध्ये जा, सूडो ॲप्ट इन्स्टॉल लिहा (सूडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं), स्पेस, मग डॉट, स्लॅश आणि त्याला चिकटून फाइलचं नाव. डॉट स्लॅश विसरलात तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रिपॉझिटरीत, म्हणजे उबुंटूच्या ऑनलाइन पॅकेजसाठ्यात, शोधतं आणि सापडत नाही म्हणून हात वर करतं. शेवटी कधीकधी अंडरस्कोर ॲप्ट नावाच्या युजरला फाइल वाचता आली नाही अशी नोट येते, ती बघून घाबरू नका, इन्स्टॉल झालेलं असतं. पण वाय दाबायच्या आधी कुठली पॅकेजं रिमूव्ह होणार ती यादी शब्दन् शब्द वाचा.

आता प्रेसचं. २०२१ साल, दसऱ्याच्या आधीचा आठवडा, दिवाळी अंकांची कामं अंगावर आलेली. मी तिथे डीटीपी करायचे आणि लिनक्सच्या मशीनचंही बघायचे, सगळ्या अंकांची पानं त्या एका मशीनवर, उबुंटू १८.०४. आमच्या सिनिअर सरांना पीडीएफची पानं जुळवायचं एक सॉफ्टवेअर हवं होतं, त्यांनी डेब उतरवली, ती पुढच्या २०.०४ व्हर्जनसाठी बनवलेली, तिला लिबसी ६ या मूळ लायब्ररीचं २.२९ किंवा पुढचं व्हर्जन हवं आणि आमच्याकडे २.२७. मी म्हटलं सर, हे आपल्या मशीनसाठी नाहीये, अंक जाऊ देत मग २०.०४ वर जाऊ. तर म्हणाले, "ॲप्ट नवशिक्यांसाठी असतं गं, कमांड लाइनवर आपण मशीनला सांगायचं, विचारायचं नाही." मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी २०.०४ ची लिबसी ६ ची डेब शोधून उतरवली आणि फोर्स ऑल लावून टाकली.

लिबसी म्हणजे काय साधीसुधी लायब्ररी नाही, मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. आणि १८.०४ मध्ये पासवर्ड तपासायला लागणाऱ्या लिबक्रिप्ट लायब्ररीची फाइल लिबसी ६ च्याच पॅकेजमध्ये यायची, २०.०४ मध्ये ती लिबक्रिप्ट १ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये गेली. नवीन लिबसी बसली, जुनीबरोबर लिबक्रिप्ट गेली, आणि लिबक्रिप्ट १ पाहिजे हे सांगणारा एरर तर फोर्सने गप्प केलेला. मी परत आले तेव्हा पर्ल चालेना, सूडो चालेना, पासवर्ड तपासायलाच ती लायब्ररी लागते. सर म्हणाले रीस्टार्ट करून बघू. रीस्टार्टनंतर मशीन कुणालाच आत घेईना.

तपकीर गल्लीतून पेनड्राइव्ह आणला, मोबाइलच्या नेटवर २०.०४ उतरवलं, पेनड्राइव्हवरूनच मशीन चालू केलं (लाइव्ह बूट), मशीनची डिस्क माउंट केली, ॲप्ट डाउनलोडने लिबक्रिप्ट १ ची डेब घेतली आणि डीपीकेजी मायनस एक्सने त्या डिस्कवर उलगडली. रात्री साडेअकराला लॉगिन आलं. सगळी पानं बाहेरच्या डिस्कवर घेतली, अंक त्याच अर्धवट मशीनवर काढले आणि नंतर पुसून २०.०४ टाकलं.

मला लागलं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सरांनी मालकांना सांगितलं की हिने आदल्या दिवशी अपडेट मारलं त्याने झालं. मी मारलं होतं ॲप्ट अपडेट, त्याने पॅकेजांची नुसती यादी ताजी होते, एकही फाइल बदलत नाही, बदलायला अपग्रेड लागतं. पण हा फरक प्रेसच्या मालकांना कुठून कळणार. मग मी व्हार लॉगमधली ऑथ लॉगची फाइल काढली, सूडोने चालवलेली प्रत्येक कमांड तिथे युजर आणि वेळेसकट असते, सरांच्या लॉगिनवरून दुपारी एक सत्तेचाळीसला फोर्स ऑल. प्रिंट काढून टेबलावर ठेवली. मालक काका म्हणाले, "अगं अंक निघाले ना, मग झालं तर." नाही झालं. सरांनी ते आजतागायत कबूल केलेलं नाही. आणि ॲप्ट काही कालची गोष्ट नाही, १९९९ च्या डेबियन २.१ पासून आहे, वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळणारे तेच वापरतात, त्यांना काय कमांड लाइन येत नाही?

हां, डीपीकेजी मायनस आय, म्हणजे डीपीकेजीने इन्स्टॉल करणं, वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, लागणारं सगळं आधीच मशीनवर असेल तर त्यानेही सरळ बसतं. तुमचं पॅकेज आत्ता अर्धवट अडकलं असेल तर सूडो ॲप्ट, डॅश डॅश फिक्स ब्रोकन, इन्स्टॉल चालवा, लागणारं मिळालं नाही तर ते तुमचं पॅकेजच काढायला सुचवेल, काढू द्या. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर आरपीएम फाइल टाकत असाल तर डीएनएफ इन्स्टॉल, तिथेही डॉट स्लॅश. टार फाइल असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याचं उत्तर इथे नाही.

आणि ॲप्टनेही नाही म्हटलं तर डीपीकेजी, डॅश डॅश इन्फो आणि फाइलचं नाव एवढं चालवा, त्यातली डिपेन्ड्सची ओळ आणि तुमचं उबुंटूचं व्हर्जन इथे टाका, मी बघते. तोवर त्या ऑफिसातल्या माणसाला सूडोचा पासवर्ड देऊ नका.