झोन दारात, फाईल सिव्हिल लाइन्सला

प्रश्न : आमच्या लेआउटमधली गडर लाईन (सांडपाण्याची) दर पावसाळ्यात चोक होते. झोनची माणसं बांबू मारून जातात, आठ दिवसांत पाणी पुन्हा अंगणात. पाइप बदला म्हटलं, तर ‘फाईल वर गेली’. मग शहराचे दहा झोन केले कशाला?
– एक गृहिणी, दक्षिण नागपूर

उत्तर : ताई, माझी अख्खी नोकरी गडर लाईनवर गेली, म्हणून सांगतो. बांबू मारायला माणसं लागतात, ती झोनकडे आहेत. पाइप बदलायला पैसा लागतो आणि मोठी रक्कम मंजूर करायचा अधिकार सिव्हिल लाइन्समधल्या महापालिका मुख्यालयाकडे. प्लॉटवर एकेक घर होतं तेव्हाचा सहा इंची पाइप, आता वर तीन मजले भाडेकरू. तिथं बांबू काय करणार?

शहरांच्या कारभाराची ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात नगरसेवकांच्या प्रभाग समित्या हव्यातच, आपल्याकडे त्या झोनवार. पाणी, गडर, सफाईच्या तक्रारी तिथंच सुटाव्यात, भागातला खर्चही तिनं सुचवावा, असा कायदा. पण आपल्याकडे मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाचा. समितीत बसणार कोण? माझं स्पष्ट मत आहे, झोनला स्वतःचा ठरावीक निधी दिल्याशिवाय ही नुसती तक्रारीची खिडकी राहील.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १५१ नगरसेवक आले, त्यांना धरा. बहुतेक प्रभागांत ते चार आहेत. एकाच पत्रावर चौघांची नावं घाला, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

त्याआधी एक बघा : लेआउट महापालिकेकडे हस्तांतरित झालाय, की अजून नागपूर सुधार प्रन्यास (एनआयटी) या वेगळ्या संस्थेकडेच आहे? प्रन्यासकडे असेल तर झोनच्या दारात उभं राहून उपयोग नाही.

हस्तांतरित झालेला असेल तर झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावानं अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्जात ‘लाईन चोक आहे’ असं मुळीच लिहू नका. बांबू मारला की ती तक्रार निकाली निघते. ‘लाईन बदलण्याचं अंदाजपत्रक तयार करावं’ असं लिहा. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा : अंदाजपत्रक कोणत्या तारखेला झालं, आज कोणत्या टेबलावर आहे?

आणि हे दिवाळीच्या आत करा. पुढच्या वर्षाच्या बजेटची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते, जूनमध्ये अर्ज तर सगळेच देतात.