काकूंना विचारा : खाकी घरातली तीन पत्रं

मागच्या अंकात एका भगिनीला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की आमचे हे गोवा पोलिसांतून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. तेवढं पुरलं. एरवी सुनेचं शिक्षण, दहावीचे गुण आणि शेजारच्या माडाची झावळं या विषयांवर येणारी माझी पत्रं एकदम खाकी झाली. त्यांतली तीन इथे घेतली आहेत. नावं, ठाणी सगळं गाळलं आहे.

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. माहेर सावंतवाडी, सासर डिचोली तालुक्यात. नवरा पोलीस उपनिरीक्षक, सध्या किनाऱ्याकडच्या ठाण्यात. मी बँकेत आहे, मुलगा दुसरीत. गेल्या चवथीला हे आरतीपुरते आले, वर्दीतच, अर्धी नेवरी तोंडात टाकली आणि गेले. सासूबाई सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "हिला नवऱ्याला एक दिवस घरी ठेवता येत नाही." घरी असले तरी हे बोलत नाहीत. बोललेच तर चौकशी : कुठे गेली होतीस, बरोबर कोण, बस किती वाजता सुटली. त्यांना कचेरीतली बदली मागायला लावू का? — एक सून

उत्तर : बाय, आधी सासूबाईंचं वाक्य बाजूला काढू. बाकी पत्र तू शाईने लिहिलंयस, ते वाक्य मात्र दात-ओठ खाऊन लिहिलेलं दिसतं. चवथीला पोलिसाला घरी ठेवणं बायकोच्या हातात नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या निरीक्षकाच्याही फारसं नसतं. १८६१ च्या पोलीस कायद्यात सरळ लिहिलंय की पोलीस हा कायम कामावर आहे असंच धरायचं. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानातला, आपल्याकडे आला तो गोवामुक्तीनंतर, पण बायकांच्या वाट्याला यायला त्याने उशीर केला नाही. हे सासूबाईंना तू समजावू नकोस. त्यांच्या मुलाला समजावू दे, आणि तेही चवथीच्या पंधरा दिवस आधी. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या संध्याकाळी, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना असले विषय निघाले की घर बिघडतं.

आता चवथीचं. गोव्यातल्या पोलिसाचं वर्ष कसं जातं ते एकदा कागदावर मांडून बघ. २० नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ती २००४ पासून दरवर्षी आपल्याच उरावर. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. दहा वर्षांनी त्याच संताचं शवप्रदर्शन येतं, तेव्हा तर २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ अशी सलग रांग लागली होती. मग १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, आणि एकतीस तारखेला कळंगुट-बागा, त्याबद्दल तुला मी काय सांगणार. म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, कार्निव्हल, शिगमो, शिरगावच्या लईराईची जत्रा. जूनच्या २४ तारखेला सांजावला लोक विहिरीत उड्या मारतात, तिथेही कुणीतरी काठावर उभं राहायला हवंच. श्रावणात वास्कोचा सप्ताह, मग चवथ, मग दिवाळीतली नरकासुराची रात्र. त्या रात्री गल्लीगल्लीत पोरं ढोल बडवत पहाटेपर्यंत जागी, आणि पोलीस त्यांच्या मागे. यात मंत्री, मोर्चे आणि निवडणुका मी धरलेल्याच नाहीत. जगाचा सण तो पोलिसाचा बंदोबस्त. हे तुझ्या नवऱ्याचं नशीब नव्हे, वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रक आधी कळतं हा त्याचा मोठा गुण.

आमच्या स्वयंपाकघरात दोन कालनिर्णय असत. एकावर यांच्या ड्युट्या, लाल पेन्सिलीने. दुसऱ्यावर घरच्या गोष्टी : मुलीच्या लसी, दिराच्या मुलाचं बारसं, सिलिंडर, माझ्या शाळेच्या परीक्षा. लाल पेन्सिल दुसऱ्या कालनिर्णयाला लावायची नाही, असा मी नियमच केला होता. यांना जमलं तर ते आमच्यात येत, नाही जमलं तर कार्यक्रम पुढे ढकलला जात नसे. शेजारणी म्हणत, किती कोरडी बाई. म्हणोत. नवऱ्याची वाट बघणं हे काम म्हणून अंगावर घेतलं की घरातल्या बाकी सगळ्यांचा दिवस त्या एका माणसाच्या वायरलेसवर चालायला लागतो, आणि तो आला की त्याला घर नाही, थकलेल्या लोकांचा जमाव भेटतो. जमाव त्याने दिवसभर बघितलेला असतो.

म्हणून यंदा असं कर. पूजेला धाकटे भावोजी बसू देत. मूळ घरच्या गणपतीला कुठला भाऊ पाटावर बसला याची पंचाईत नसते. नवऱ्याकडे त्याला जमेल असं काम दे. माटोळीचं सामान! आंबाडे, निरफणस, कांगलं, सुपारीची शिपटं हे सगळं चवथीच्या आधी दोनचार दिवस बाजारात येतं, आणि रात्रपाळीहून परतताना सकाळी सहाला डिचोलीच्या बाजारात थांबणं पोलिसाला जमतं. माटोळीकडे बोट दाखवून "ही बाबांनी आणली" असं तुझा मुलगा पाहुण्यांना सांगेल. दीड दिवसाचा गणपती असेल तर विसर्जनाला त्याची आशाच धरू नको, त्या संध्याकाळी सगळ्या गोव्याचे गणपती पाण्याकडे निघालेले असतात.

एक गोष्ट तुझ्या सासरी कुणाला माहीत नसावी. तो उपनिरीक्षक आहे, म्हणजे तपास त्याच्याकडे असतो. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र न्यायालयात जावं लागतं. नाही गेलं तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो, आणि मग त्याचा जाब कुणाला विचारतात ते तू ओळखशील. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यात झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. कागद कमी झाले असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा ठाण्यात येऊन बघावं. तेव्हा "कधी येणार?" याऐवजी "कितवा दिवस चाललाय?" असं विचारून बघ. पंचावन्नावा म्हणाला तर आठवडाभर त्याच्याकडून काही मागू नको, आणि आरोपपत्र गेलं म्हणाला की त्याच रविवारी त्याला पुरता वसूल कर.

राहिली चौकशी. पोलिसाच्या घरात प्रश्नांचा तो सूर येतो, हे खरं. यांनी एकदा माझ्या आईलाच विचारलं होतं, "पाव घ्यायला गेलात तेव्हा पोदेराकडे आणखी कोण होतं?" आई म्हणाली, "माझा जबाब लिहून घे, मग कढी वाढते." तसं हसून, पण तिथल्या तिथे बोलायचं. साठवून ठेवलं की तू आरोपी होतेस आणि त्याला कळतही नाही.

पण हसण्यावारी न्यायच्या गोष्टी वेगळ्या. तो तुझा मोबाइल तपासत असेल, माहेरी जाऊ देत नसेल, पगार काढून घेत असेल, हात उचलत असेल, तर ती ड्युटीची थकावट नव्हे, आणि मी ती तशी म्हणणार नाही. अशा वेळी पोलिसाच्या बायकोला पहिली भीती वाटते ती ही की तक्रार त्याच्याच मित्रांच्या टेबलावर जाईल. तशी जायलाच हवी असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करता येतो. शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही त्यात येते. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. तुझ्या पत्रात असं काही दिसत नाही, पण हे पान दुसरीही कुणी वाचत असेल.

बदलीचं मात्र तू मागू नको. त्याला हवी असेल तर तो मागेल. बायकोच्या हट्टापायी कचेरीत बसलेले दोघेतिघे मी बघितलेत. पाच वाजता घरी येत आणि आठपर्यंत अंगणात फेऱ्या मारत.

प्रश्न : नमस्कार काकू. नवरा हवालदार, आम्ही फोंड्याकडे राहतो. ओळखीचे एक बारवाले अधूनमधून घरी इसवण (सुरमई) पाठवतात, दिवाळीला काजूचा डबा. मी घेते, यांना माहीत नसतं. शेजारी चलन माफ करून मागतात, ते वेगळंच. दुसरं म्हणजे यांनी साठवलेल्या पैशांतून प्लॉट घ्यायचा आहे. माझ्या नावावर घेतला तर यांना खात्यात कळवायला नको ना? — फोंड्याची एक वाचक

उत्तर : इसवण बंद करा. उद्यापासून नव्हे, पुढच्या वेळी माणूस पायरीवर उभा असेल तेव्हाच. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत भेट स्वीकारायची नाही असं आहे, आणि घरच्यांना स्वीकारू द्यायची नाही असंही आहे. म्हणजे "बायकोने घेतली, मला ठाऊक नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. लग्न, बारसं, धार्मिक कार्य अशा प्रसंगी जवळच्या नातलगांनी, मित्रांनी रीतीप्रमाणे दिलेलं चालतं, ठराविक रकमेच्या वर गेलं तर कळवावं लागतं. कुणाकडे जेवलात, कुणी गाडीतून सोडलं, त्याचा बाऊ नाही. पण बारवाल्याच्या आणि तुमच्यात बारसं कुठलं? त्याला सांगा, आमच्याकडे सोमवार असतो. रोज सोमवार असतो.

चलनाच्या शेजाऱ्यांना मी दारात एकच सांगायची : "हे ठाण्यात भेटतील, तिथे बोला." ठाण्यात कुणी जात नसे.

प्लॉटची युक्ती तर अजिबात नको. नवऱ्याने स्वतःच्या नावावर घेवो की घरच्या कुणाच्या, स्थावर मालमत्तेचा व्यवहार खात्याच्या माहितीने करावा लागतो. शिवाय आपण गोव्यात आहोत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतरची मिळकत दोघांची समाईक धरतात, विकायची झाली तर दोघांच्या सह्या लागतात. तुमच्या नावावर घेतलात तरी अर्धा त्यांचाच. मग लपवलं काय? आधी कळवा, मग इसारा द्या.

प्रश्न : काकूंना नमस्कार. मी पुरुष आहे, पत्र छापाल ना? माझी पत्नी पोलीस शिपाई. मी वेर्ण्याला कारखान्यात. सकाळी मुलीची वेणी, डबा मीच करतो, त्याचं काही वाटत नाही. गावच्या तावेर्नात मित्र टोमणे मारतात. आई म्हणते, सून रात्री बाहेर असते. हे सोसतो. पण गेले काही महिने पत्नी मुलीला शेजारीही खेळायला सोडत नाही. लहान मुलींच्या केसेस तिच्याकडे येतात. काय झालं विचारलं तर सांगत नाही. — सासष्टीचा एक वाचक

उत्तर : छापलं की! तुमच्यासारखी पत्रं येत नाहीत, म्हणून तुमचं आधी वाचलं.

मित्रांचं सोडा, सोरो उतरला की ते तुमच्याकडेच येतात, वाहन परवान्याची अडचण घेऊन. आईंचं तेवढं सोडू नका. त्यांना सांगा की त्यांची सून रात्री ठाण्यात असते म्हणून एखादी मुलगी तिथे आली तर तिच्याशी बाई बोलते. दोनदा सांगा, तिसऱ्यांदा त्या स्वतः शेजारणीला सांगतील.

"काय झालं" हे मात्र पत्नीला विचारू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे. आपल्या गोव्यात वाड्याचं नाव सांगितलं तरी माणूस ओळखू येतो. तिला सांगायचं असलं तरी तिचं तोंड बांधलेलं आहे. तुम्ही विचारता तेव्हा तिला दोनदा गप्प बसावं लागतं, एकदा कायद्यासाठी आणि एकदा तुमच्यासाठी. त्याऐवजी विचारा, "आज वाईट होतं?" मान हलवली तर पुढे काही नको, पेज गरम करा.

मुलीच्या खेळण्याबाबत तिची भीती पोकळ नाही, असल्या प्रकरणांत गुन्हेगार पुष्कळदा ओळखीचाच निघतो आणि ते ती रोज बघते. पण मुलीला कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. नियम तिलाच ठरवू द्या : कुठल्या घरी, कुणाच्या नजरेसमोर, दार उघडं ठेवून, कितीपर्यंत. मुलीला तिनेच शिकवू दे की अंगाला हात लावून "कुणाला सांगू नको" म्हणणाऱ्याचं नाव आधी घरी सांगायचं. गावात हे तिच्याइतकं नीट कोण शिकवणार? शेजारच्या दोन मुलींनाही बोलवा. तिला झोप लागत नसेल, दचकून उठत असेल, चिडचिड थांबत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, रात्रंदिवस. आधी तुम्ही लावा, माहिती घ्या, मग तिला सांगा. पोलिसांना मदत मागायची सवय नसते, द्यायचीच असते.

आणि रात्रपाळीनंतर तिला झोपू द्या. तुम्ही कारखान्यात गेलात की सकाळभर दार कोण वाजवतं याची एकदा मोजदाद करा. नुस्तेंकार, वीजबिलवाला, आईंच्या मैत्रिणी. त्यातला सगळ्यात पक्का शत्रू पोदेर, तुमच्याच गेटसमोर उभा राहून पोंय-पोंय करणारा. त्याला महिन्याचे पैसे आगाऊ द्या, गेटला पिशवी अडकवा आणि सांगा, आमच्या दारी हॉर्न नको. उंडे किती, काकणं किती, ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका.